पोटात येणारा आवाज

शनिवारी सकाळी मी फरशी पुसतो. एरवीचे तेरा दिवस फरशी आणि मी एकमेकांच्या वाटेला जात नाही. पण दर दुसऱ्या शनिवारी सकाळच्या लोकलनं माझी मुलगी येते, आणि तिची आई तिला फलाटावर सोडून तिथूनच परत जात असली, तरी माझ्या घरातली धूळ तिला घोरावाडी स्टेशनवरूनही दिसते अशी माझी खात्री आहे. म्हणून पुसतो. खुर्चीवरचे कपडे कपाटात कोंबतो, दूध आणतो, आणि दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास आधी निघतो.

आम्ही दोघं वेगळे झालो त्याला आता तीन वर्षं झाली. नक्की काय झालं, असं लोक विचारतात. मला ते नीट सांगता येत नाही. तिला येत असावं, पण ती सांगत नाही, हा तिचा मोठेपणा. पूर्वी ती मला 'अहो' म्हणायची, आता मेसेजची सुरुवात 'नमस्कार' अशी करते. मधलं सगळं त्यात आलं. जाताना तिनं पुस्तकं, शिलाई मशीन आणि मुलगी नेली. डबल बेड ठेवला.

पंधरा दिवसांतून एकदा बाप होणं हे रोज बाप होण्यापेक्षा अवघड आहे. रोजच्या बापाला काही करावं लागत नाही, तो नुसता घरात असतो. मला दीड दिवसाचा कार्यक्रम आखावा लागतो. गेल्या पावसाळ्यात मी तिला भुशीला नेलं. म्हणजे न्यायला निघालो. थोरल्या भावाची पिकअप मागून आणली होती. लोणावळ्याच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत दोन तास उभे राहिलो, रांगेतच भाजलेलं कणीस घेतलं, रांगेतच खाल्लं, आणि धरणाचं पाणी न बघता गाडी वळवली. नंतर पत्ते आणले, कॅरम आणला, एकदा तर ओरिगामीचं पुस्तक आणलं आणि बेडूक करायला घेऊन त्याचं पाकीट केलं. ती शहाणी मुलगी आहे, तोंडावर काही बोलत नाही. बिस्किटांच्या पुड्याच्या मागचा मजकूर वाचत बसते आणि थोड्या थोड्या वेळानं विचारते, "किती वाजले?"

यंदा एप्रिलमध्ये एका शनिवारी परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून तिची आई फलाटावरच्या बाकावर टेकली. मुलगी पुढं जाऊन वजनाच्या बंद पडलेल्या यंत्रावर उभी होती.

"ती म्हणते, बाबाकडे कंटाळा येतो," तिची आई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. रिपोर्ट वाचून दाखवताना डॉक्टरांचा असतो तसा आवाज होता. "जूनच्या मध्यापासून शनिवारी तिचा चित्रकलेचा क्लास सुरू होईल. मी म्हटलं, मग दिवाळीपर्यंत नाही गेलीस तरी चालेल. फोन करत जा."

"काय म्हणाली?"

"बघू म्हणाली."

मी रुळांकडं बघत राहिलो. रुळांवर बघण्यासारखं काही नव्हतं.

"मी तिला अडवणार नाही," ती म्हणाली, "पण ओढून आणणारही नाही. तिनं आपणहून म्हटलं पाहिजे, मला जायचंय. पटतंय ना तुम्हाला?"

पटत होतं, हीच तर अडचण होती. हातात जूनपर्यंतचे चार शनिवार होते. त्यानंतर ती आपणहून 'जायचंय' म्हणणार होती, किंवा नव्हती.

त्यातला पहिला शनिवार चुलतभावाच्या मुलाच्या हळदीत गेला. आमचं गाव कामशेतच्या आत, नाणे मावळात. हळदीला आमच्याकडं नवरदेव नसला तर एक वेळ चालेल, पण डीजे पाहिजे. मांडवाच्या तोंडाशी माणसापेक्षा उंच अशी काळ्या खोक्यांची भिंत लावली होती, आणि गावातली पोरं तिच्यासमोर धूळ उडवत होती. मी मुलीला शोधत गेलो तर ती भिंतीच्या बाजूला, एका खोक्याला तळवा लावून उभी.

थोरला भाऊ मागून आला. "आरं, लांब घे तिला. कानाचं पडदं जात्याल पोरीचं."

ती काही हलली नाही. मला म्हणाली, "बाबा, तू इथे हात ठेव. कानात नाही येत हा. पोटात येतो."

मी हात ठेवला. खरंच पोटात येत होता. जेवणाआधीच पोट भरल्यासारखं वाटलं.

"बापाला तू म्हन्ती व्हय गं?" भाऊ म्हणाला.

"मग काय म्हणू?"

"आमी आमच्या आबापुढं त्वांड उघडत न्हवतो."

"मग कंटाळा येत असेल तुम्हाला," ती म्हणाली.  भाऊ जेवणाच्या पंगतीकडं निघून गेला.

परत येताना मोटारसायकलवर ती मागून माझ्या पाठीला गाल लावून बसली होती. तिनं विचारलं, "असा पोटात येणारा स्पीकर घरी बनवता येतो का?"

"व्हय," मी म्हणालो. गावाला गेलो की माझी जीभ दोन दिवस गावचीच राहते.

"तुला येतं?"

"न यायला काय झालं."

इथं एक खुलासा केला पाहिजे. मी देहूरोडच्या एका डेपोत स्टोअरकीपर आहे. बावीस वर्षं झाली. माझ्या हाताखालून हजारो वस्तू आल्या आणि गेल्या. प्रत्येकीचा नंबर मला माहीत आहे, कुठल्या रॅकवर कितव्या फळीला आहे ते डोळे झाकून सांगेन. तिचा उपयोग काय, एवढं मात्र विचारू नका. स्पीकर बनवण्यातलं मला जितकं कळत होतं तितकंच बेडूक बनवण्यातलं कळत होतं.

पण पोरगी पाठीला गाल लावून बसली होती. अशा वेळी माणूस विमानसुद्धा बनवतो म्हणेल.

पुण्याच्या बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, "चार ओहम की आठ?" मी म्हणालो, "चांगले द्या." त्यानं बशीएवढे दोन गोल स्पीकर, पोस्टकार्डाएवढी अॅम्प्लिफायरची पाटी आणि वायरचं भेंडोळं पिशवीत घालून दिलं. खोकी आपली आपण करायची होती. जाड प्लायवूड पाहिजे म्हणाला, पातळ असलं तर आवाज पत्र्यासारखा येतो.

चारांतल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघं जाड प्लायवूड शोधत घरभर फिरलो. घर दोन खोल्यांचं, त्यामुळं शोध लवकर संपला. बेडरूममध्ये ती थांबली. आमचा डबल बेड म्हणजे दोन सिंगल बेड शेजारी शेजारी ठेवून केलेला आहे. ती येते तेव्हा भिंतीकडच्या अर्ध्यावर झोपते आणि मी बाहेर गादी टाकतो. बाकीचे दिवस मी भिंतीकडच्या अर्ध्यावर झोपतो. दुसरं अर्धं नुसतं असतं.

तिनं त्या अर्ध्यावर बोटानं ठक ठक केलं. "हे जाड आहे."

"आहे."

"यावर कोण झोपतं?"

"कुणी नाही."

"मग?"

मी करवत आणली. तीन वर्षं त्या बेडकडं बघून मला जे जमलं नव्हतं ते तिनं एका शब्दात करून टाकलं. गादीखालची फळी काढताना एक केसाची पिन आणि एक जुनं बसचं तिकीट निघालं. तिनं पिन स्वतःच्या केसाला लावली, तिकीट वाचलं आणि केरात टाकलं. मी केरातून काढलं नाही. काढावंसं वाटलं होतं, ते कबूल करतो.

त्या दिवशी आम्ही बारा फळ्या कापल्या. त्यातल्या आठ सरळ होत्या. बाकीच्या चार फळ्यांना ती 'नाचऱ्या' म्हणाली आणि चारही मागच्या आणि खालच्या बाजूंना लावायच्या ठरल्या. 'किती वाजले' हा प्रश्न दिवसभरात एकदाच आला, तोही भूक लागली म्हणून.

रविवारी संध्याकाळी तिला पुण्याला सोडायला निघायच्या आधी तिनं मला पकडलं.

"मी गेल्यावर तू एकटाच बनवून टाकशील."

"नाही."

"कशावरून?"

तिचं म्हणणं रास्त होतं. मग मी तिला आमच्या डेपोतली पद्धत सांगितली. संध्याकाळी गोदामाला कुलूप लावलं की कुलपावर कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीवर सही करायची, अर्धी पट्टीवर, अर्धी कुलपावर. सकाळी पट्टी फाटलेली दिसली तर आत पाऊल टाकायचं नाही, आधी साहेबाला बोलवायचं. सगळ्या गोदामात एवढा जाड दरवाजा, एवढं मोठं कुलूप, पण राखण खरी कागदाच्या पट्टीची.

"आणि कुणी पट्टी फाडून दुसरी लावली तर?"

"सही कुठून आणेल?"

हे तिला पटलं. घरात गम नव्हता, म्हणून दुपारचा भात घेतला. भाऊ दरवर्षी इंद्रायणी तांदूळ पाठवतो. तो भात असा चिकट की त्यानं पाकिटं चिकटवूनच मी शाळा शिकलो. चार शितं बोटानं मळून तिनं फळ्यांच्या गठ्ठ्यावर पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही केली. तिची सही म्हणजे नावाचं पहिलं अक्षर, त्याला पतंगासारखी लांब शेपटी आणि शेपटीच्या टोकाला चांदणी.

पंधरा दिवस त्या गठ्ठ्याला मी वळसा घालून गेलो.

तिसऱ्या शनिवारी भोकं पाडली. स्पीकर फळीवर उपडा ठेवून मी पेन्सिलीनं त्याच्या कडेनं गोल काढला आणि घाम गाळत गोल कापला. फारच सुबक झाला. मग तिनं स्पीकर भोकावर ठेवला आणि तो सरळ आत गेला. आतून 'ठक' असं ऐकू आलं. आमच्या स्पीकरनं काढलेला तो पहिला आवाज. कडेवरून नाही, कडेच्या आतून मापायचं असतं, हे मला त्या वेळी कळलं. ती हसायला लागली ती थांबेचना. पोट धरून फरशीवर लोळली. पुसलेली फरशी होती, बरं झालं. उरलेल्या फळीचं गोल कडं कापून भोकाला आतून लावलं आणि वेळ मारून नेली. आत घालायला कापूस लागतो म्हणून माझी उशी फाडली. तेव्हापासून मी चादरीची घडी डोक्याखाली घेतो. संध्याकाळी दोन्ही खोकी उभी राहिली. प्रत्येकावर एकेक पट्टी, प्रत्येक पट्टीवर पतंग.

चौथा शनिवार शेवटचा होता.  तारा जोडल्या. पहिल्या खोक्याला लाल आणि काळी वायर लावली. दुसऱ्याच्या वेळी लाल संपली. स्टोअरकीपरच्या घरात. मग दुसऱ्याला दोन्ही काळ्या लावल्या, मागची फळी स्क्रूनं बसवली, तारांची टोकं अॅम्प्लिफायरला जोडली. रविवारी दुपारी तिनं माझ्या मोबाइलवर हळदीतलंच गाणं लावलं आणि दोन्ही खोक्यांच्या मध्ये, बरोबर मधोमध, मांडी घालून बसली.

आवाज आला. गाणं ओळखू येत होतं. पण पातळ, लांबच्या लग्नातून वाऱ्यावर येतं तसं. तिनं शर्ट वर करून पोटावर हात ठेवला. थांबली. खोक्याला हात लावून बघितला.

"पोटात नाही येत."

एक बंद करून बघितला, मग दुसरा. एकेकटा लावला की बरा वाजायचा. थोडा पोटापर्यंतही यायचा. दोन्ही लावले की पोटातलं सगळं नाहीसं. मी आवाज वाढवला, कमी केला, खोकी फिरवली, एकावर एक ठेवली. बाप काहीतरी करतोय एवढं दिसावं म्हणून खोक्यावर थापही मारली.

"राहू दे बाबा," ती म्हणाली. हे 'राहू दे' मला ओळखीचं होतं. या घरात ते पूर्वीही ऐकलं होतं, दुसऱ्या आवाजात.

तरीही जाताना तिनं दोन्ही खोक्यांच्या मागच्या फळ्यांवर नव्या पट्ट्या चिकटवल्या. सवयीनं असेल. लोकलमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. देहूरोड गेलं, आकुर्डी गेलं.

"पुढच्या वेळी बघू," मी म्हणालो.

"पुढच्या वेळी क्लास आहे," ती म्हणाली. आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, "बघू."

मंगळवारी संध्याकाळी ड्यूटीवरून आलो, चहा ठेवला आणि मोबाइलवर स्पीकर बनवण्याचे व्हिडिओ बघत बसलो. तिसऱ्या व्हिडिओत एक पोरगेलासा माणूस सांगत होता की दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट लागल्या तर एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हाच दुसऱ्याचा आत जातो. एकानं ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. दोघं एकेकटे चांगले असतात, पण बरोबर वाजवले की जाड आवाज उरतच नाही. मी तो व्हिडिओ तिथंच थांबवला. चहा उतू गेला.

दोन्ही काळ्या तारा. कुठली कुठं लावली ते मी बघितलंच नव्हतं.

दोन मिनिटांचं काम होतं. मी उठून दुसऱ्या खोक्याजवळ गेलो आणि पट्टीवरच्या पतंगाकडं बघितलं. बावीस वर्षांत मी दुसऱ्याच्या सहीची एकही पट्टी फाडलेली नाही. एकदा उंदरानं फाडली होती, तर साहेब येईपर्यंत तीन तास उन्हात उभा राहिलो होतो. आणि त्या मंगळवारी मी स्क्रूड्रायव्हरनं ती पट्टी उचकटली.

तारा बदलल्या, फळी लावली, तेच गाणं लावलं, आणि मधोमध, ती बसली होती तिथं बसलो.

आला. पहिल्याच ठेक्याला आला, थेट पोटात. फरशीतून आला, मांड्यांतून आला. स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यातली ताटं वाजली. खिडकीची काच बोलली. एवढ्या आवाजानं भरलेलं माझं घर मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मी शेजारी बघितलं, कुणाला तरी 'आला ना?' असं विचारायला. शेजारी फरशी होती.

गाणं संपायच्या आधीच बंद केलं.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. फोन करून तिला सांगता आलं असतं की सापडलं. ती 'अरे वा' म्हणाली असती आणि क्लासला गेली असती. म्हणून मी फळी पुन्हा उघडली आणि तारा होत्या तशा उलट लावून ठेवल्या. बिघडलेलं असेल तर ती येईल, असा माझा हिशेब. कुकरमधला भात घेतला, नवी पट्टी कापली, चिकटवली, आणि जीभ बाहेर काढून तिची सही केली. शेपटी चांगली जमली. चांदणीला तीन वेळा सराव करावा लागला. लांबून बघितलं. हुबेहूब.

त्या पंधरवड्यात फोनवर मी स्पीकरचं नाव काढलं नाही. तिनंही काढलं नाही.

पुढच्या वारीच्या शनिवारी कुणी येणार असा निरोप नव्हता, येणार नाही असाही नव्हता. मी फरशी पुसली. सकाळची लोकल आली, दोन दूधवाले आणि एक म्हातारी उतरली, गाडी गेली. मी फलाटावरच थांबलो. म्हटलं, क्लास असेल. त्यानंतरच्या गाडीतून कुणीच उतरलं नाही. पावसाची बारीक झड लागली होती. पत्र्याखाली एक कुत्रं होतं, ते माझ्याकडं बघून कुशीवर वळलं. दुपारच्या गाडीला मी मनात म्हटलं, ही शेवटची, यानंतर घरी जायचं. तसं मी आधीच्या गाडीलाही म्हटलं होतं.

दुपारच्या गाडीतून ती उतरली. पाठीवर चित्रकलेची वही, मागं तिची आई.

"क्लास सुटल्यावर म्हणाली, मला जायचंय," तिची आई म्हणाली. "काहीतरी दुरुस्त करायचं राहिलंय म्हणे." आणि माझ्या भिजलेल्या चपलांकडं बघून, "फोन करायला हवा होता मी. सकाळपासून उभे आहात का?"

"छे. आत्ताच आलो."

घरी आल्या आल्या ती खोक्यांकडं गेली. पहिल्या खोक्याची पट्टी बघितली. दुसऱ्याची बघितली. मग खाली बसून नाक लावून बघितली. मी स्वयंपाकघरात विनाकारण भांडी हलवत होतो.

"बाबा, ही माझी नाही."

"अगं, असं कसं."

"मी तारीख नाही घालत."

मी बाहेर येऊन बघितलं. पतंगाखाली, माझ्या स्वच्छ सरकारी अक्षरात, तारीख होती. तारखेपुढं वार. वारापुढं वेळ. बावीस वर्षांचा हात, सही झाली की आपोआप खाली उतरतो. चांदणीच्या सरावात मी एवढा गुंतलो होतो की बाकीचं कधी लिहिलं ते मलाच कळलं नाही.

"एकोणीस दहा म्हणजे काय?"

"संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं."

"मंगळवारी तू उघडलंस."

"हो."

"सापडलं?"

"हो."

"ऐकलंस?" तिचा आवाज बारीक झाला होता. "पोटात आला?"

खोटं बोलायला जागा होती. पण एका खोक्यावर एक खोटी सही पुरे होती. "आला," मी म्हणालो.

ती गॅलरीत जाऊन उभी राहिली, माझ्याकडं पाठ करून. मी दारात उभा राहिलो. समोरच्या डोंगरावर ढग उतरले होते आणि डोंगर दिसत नव्हता. मला वाटलं, संपलं. आता ती वही उचलेल आणि आईला फोन लाव म्हणेल, आणि तिचं काही चुकणार नाही.

तिनं पाठमोरंच विचारलं, "मग आत्ता दुरुस्त आहे?"

"नाही. परत उलटं करून ठेवलं."

ती वळली. "का?"

"तुला सापडावं म्हणून." हे काही खरं नव्हतं, म्हणून पुन्हा बोललो. "फोनवर सांगितलं असतं, झालंय म्हणून, तर तू आली असतीस का?"

तिनं विचार केला. खरोखर विचार केला. ती उत्तर देताना दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून घाई करते, त्या वेळी केली नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली.

मग आत आली, माझी पट्टी टराटरा फाडली आणि म्हणाली, "काय उलटं होतं ते तू सांगू नकोस."

मी तोंडावर बोट ठेवून खुर्चीत बसलो. तिनं एकेक वायर बोटानं धरून खोक्यापासून अॅम्प्लिफायरपर्यंत नेली, परत आणली. पहिल्याची लाल, पहिल्याची काळी. दुसऱ्याची काळी आणि काळी. तिथं ती थांबली. खालचा ओठ दातात धरून, तिची आई धरते तसा. मग अॅम्प्लिफायरजवळच्या दोन काळ्या तारांची टोकं काढली, अदलाबदल करून लावली आणि गाणं सुरू केलं.

ताटं वाजली. काच बोलली. ती फरशीवर मधोमध बसून पोटावर दोन्ही हात ठेवून होती, आणि तिनं शेजारची फरशी थोपटली. मी जाऊन बसलो.

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "खोका उघडायची गरजच नव्हती. बाहेरूनच बदलता येत होतं."

मी वाकून अॅम्प्लिफायरजवळच्या तारा बघितल्या. 

"मग पट्टी कशाला फाडलीस?"

रविवारी निघायच्या आधी तिनं भात मागितला. दोन्ही खोक्यांना सोडून तिनं एक लांब पट्टी कापली आणि ज्या बटणावर अॅम्प्लिफायर चालतो त्या बटणावरून, भिंतीवर, आडवी चिकटवली. सही केली. मला विचारून तारीख आणि वेळ घातली.

"मी नसताना वाजवायचे नाहीत."

"नाही."

"मंगळवारीसुद्धा नाही."

"नाही."

याला आता तीन महिने झाले. ती येते. क्लास सुटल्यावर दुपारच्या गाडीनं येते, कधी वाढदिवस, कधी परीक्षा, एखादी वारी चुकते, मग महिना होतो. आली की पट्टी काढते आणि घर दीड दिवस वाजतं. खोक्यांना रंग द्यायचा आहे, पण इकडच्या पावसात वाळणार नाही म्हणून थांबलोय. निळा की पिवळा हे अजून ठरत नाही.

मधे एकदा थोरला भाऊ तांदूळ घेऊन आला. स्पीकरकडं बघून म्हणाला, "लाव की येखांदं गाणं."

"लावता येत नाही."

"का, बिगाडल्यात?"

"सील आहे." मी बटण दाखवलं.

भावानं पट्टीवरचा पतंग बघितला, तारीख बघितली, मग माझ्याकडं बघितलं.   "च्या टाक," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी मी बातम्या मोबाइलवरच ऐकतो. मोबाइल एका खोक्यावर ठेवतो, आवाज मुंगीएवढा. घरातला ओलावा एवढा की पट्टीचा भात सुटतो आणि उजवीकडचा कोपरा रोज थोडा उचलतो. नवा भात लावायची मला परवानगी नाही. ड्यूटीवरून आलो की चपला काढायच्या आधी मी तो कोपरा अंगठ्यानं दाबून धरतो, चिकटेपर्यंत. दाबणं म्हणजे उघडणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली आहे.